चुकीच्या रंगाचा उंट

बोईसर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुऊर्जा केंद्र? एमआयडीसीतल्या कंपन्यांची धुराडी? की सकाळच्या डहाणू लोकलची ती जीवघेणी गर्दी? मला मात्र बोईसर म्हटलं की एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. डोळ्यांवर चष्मा, पाण्याच्या बाटलीवर कार्टून आणि बोलणं एकदम मोजकं.

तर झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी एका रविवारी बोईसरच्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाची ओपन स्पर्धा होती. ओपन म्हणजे कोणीही या आणि खेळा. कंपन्यांमधले केमिस्ट, बँकेतले साहेब, रिटायर्ड मास्तर, माझ्यासारखी फ्रीलान्स पत्रकार आणि आपल्या कमरेएवढी उंची असलेली, आपल्याला धुऊन काढणारी पोरं! चौथ्या फेरीत मला त्यातलंच एक पोर भेटलं.

डाव मस्त चालला होता. शेवटी माझ्याकडे एक उंट आणि जी, एच या पट्ट्यांतली दोन प्यादी उरली. त्याच्याकडे फक्त घोडा. दोन राजे धरून पटावर सहा सोंगट्या. मी मनातल्या मनात फॅमिली ग्रुपवर 'जिंकले!!!' असं टाइपसुद्धा केलं होतं. पोरानं थोडा वेळ पटाकडे बघितलं आणि खुशाल घोडा देऊन माझं 'जी' पट्टीतलं प्यादं मारलं. मला वाटलं, दमला बिचारा, चुकला. मी घोडा खाल्ला. आता माझ्याकडे उंट आणि एक प्यादं, त्याच्याकडे एकटा राजा.

तो राजा तुरुतुरु चालत एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. आणि मग सुरू झाली करमणूक. तो एच८ वरून जी८ वर जायचा, जी८ वरून परत एच८ वर. मी प्यादं पुढे सरकवलं, उंट इकडून आणला, तिकडून आणला. शेवटी मी जी८ वर उंटाचा पहारा बसवला आणि राजा जवळ आणला. बघते तर काय, त्याला शह नाही आणि हलायला जागाही नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत!

मी सुन्न. पोरानं शिस्तीत हात पुढे केला आणि म्हणाला, "ताई, तुमचा उंट चुकीच्या रंगाचा होता."

"म्हणजे?"

"एच८ काळं घर आहे. तुमचा उंट पांढऱ्या घरांचा. मला माहीत होतं." एवढं बोलून तो आईकडे डबा खायला निघून गेला.

शेवटाचं बघू नंतर!

बोईसर ते पालघर, मध्ये फक्त उमरोळी. लोकलनं जेमतेम पंधरा मिनिटं. पण त्या दिवशी ती पंधरा मिनिटं संपता संपेनात. लेडीज डब्यात खिडकीशी बसून मी हिशोब केला. गेल्या वर्षभरात मी ओपनिंगचे किती व्हिडिओ बघितले असतील? पन्नास तास तरी नक्की. सिसिलियन, लंडन सिस्टिम, अमुक गॅम्बिट, तमुक सापळा. आणि एंडगेम? शून्य! ज्या भागात गुण पदरात पडतो, त्याच भागाचा माझा फंडा क्लिअर नव्हता.

आणि मंडळी, मनापासून सांगा, तुमचंही असंच आहे ना? नवा प्रोजेक्ट असला की आपण फुल टू चार्ज. जिमचा पहिला आठवडा, गिटारचा पहिला क्लास, जपानी भाषेचं पहिलं पुस्तक, सगळं झकास. शेवटचे दहा टक्के आले की आपण हळूच मोबाइल काढतो. माझ्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'एकदम फायनल' अशा नावांचे सात अर्धवट लेख पडलेत. बाकी सांगायला नकोच.

पण आज मला लाइफ मॅनेजमेंटवर प्रवचन द्यायचं नाहीये. आज बोलायचंय ते उंटाबद्दल. कारण त्या एका चुकलेल्या उंटामुळे आमच्या घरात एक गोष्ट बदलली. ती शेवटी सांगते. आधी उंट समजून घेऊ.

अर्ध्या पटाचा मालक

पटावर ६४ घरं. त्यातली ३२ पांढरी, ३२ काळी. उंट तिरका चालतो, त्यामुळे ज्या रंगाच्या घरावर तो जन्मला, त्याच रंगावर आयुष्यभर राहतो. हत्ती, वजीर, घोडा, राजा, सगळ्यांना दोन्ही रंग मोकळे. उंटाला अर्धा पट कायमचा बंद. त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी शेजारच्या घरात काही घडत असलं तरी त्याला काहीही करता येत नाही.

पटावर गर्दी असते तेव्हा हे जाणवत नाही. दोन्ही उंट असतात, एक या रंगाचा, एक त्या रंगाचा. ऑफिसमध्ये टीम भरलेली असली की कोणाला काय जमत नाही हे झाकलं जातं, तसंच. पण मारामारी होऊन सोंगट्या कमी झाल्या, एकच उंट उरला, की रंगाचा प्रश्न थेट गळ्याशी येतो. एंडगेममध्ये उंट हातात असेल तर डोक्यात पहिला प्रश्न हाच यायला हवा, की माझा उंट कुठल्या रंगाचा आणि मला हवं असलेलं घर कुठल्या रंगाचं?

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. मोकळ्या पटावर कोपऱ्यातला उंट फक्त ७ घरांवर नजर ठेवतो. तोच उंट मध्यावर, म्हणजे समजा डी४ वर आणला, तर १३ घरांवर. जवळजवळ दुप्पट! म्हणून एंडगेममध्ये उंट कडेला निवांत बसलेला दिसला, तर समजा की तो पगारी रजेवर आहे.

आणि तिसरी, नवख्यांनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवावी अशी गोष्ट. आपल्या उंटाच्या रंगाच्या घरांवर आपलीच प्यादी रचून ठेवू नका. उंटाच्या वाटेत आपलेच लोक उभे राहतात आणि दुसऱ्या रंगाची घरं उघडी पडतात. प्यादी शक्यतो उलट्या रंगावर ठेवा. मग उंट एक रंग सांभाळतो, प्यादी दुसरा.

बाबा आणि पाच सोंगट्या

आता घरची गोष्ट. माझे बाबा एकतीस वर्षं तारापूर एमआयडीसीत एका रंगांच्या कंपनीत होते. पालघरहून शटल पकडायचे, बोईसरला उतरायचे, तिथून कंपनीची बस. घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला निळी रेघ राहायचीच. रात्रपाळीत कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांचा बुद्धिबळाचा अड्डा असायचा. पट म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं आखलेली घरं. मला त्यांनी सातव्या वर्षी खेळायला शिकवलं.

गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, रिपोर्ट छान, चालणं छान. पण माणूस गप्प झाला. पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडून राहायचा. टीव्ही चालू, आवाज बंद. आई म्हणायची, "अगं, त्यांच्याशी खेळ जरा." मी पट मांडला की ते दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "पूर्ण डाव नाही गं झेपत आता. मध्येच डोकं शिणतं." मग पट परत कपाटात. असं पाच-सहा वेळा झालं. नंतर मी पट काढणंच सोडलं.

बोईसरच्या त्या रविवारी मी तणतणत घरी आले आणि डायनिंग टेबलवर ती स्थिती मांडली. पांढरा राजा, उंट, एच पट्टीतलं प्यादं. समोर काळा राजा. मला खात्री करून घ्यायची होती, की पोरगं थापा मारत नव्हतं. बाबा पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले, टेबलाशी थबकले आणि म्हणाले, "पांढऱ्या घरांचा उंट? मग काय उपयोग."

"तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलेच.

"कँटीनमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू तिथपर्यंत पोचायचीस कुठे? आधीच हरायचीस."

आई आतून हसली. आणि बाबा खुर्ची ओढून बसले. महिन्यांनंतर पहिल्यांदा पटासमोर बसले! त्यांनी काळा राजा हातात घेतला आणि म्हणाले, "चल, मला बाहेर काढून दाखव." मला काही ते जमलं नाही. मग आम्ही बाजू बदलल्या आणि त्यांनाही जमलं नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. डोकं शिणलं नाही, कारण पटावर होत्याच चार सोंगट्या.

तेव्हापासून आमचा नियम ठरलाय. संध्याकाळचं फिरणं झालं की चहा आणि एक उंटाचा एंडगेम. चार, पाच, फार तर सहा सोंगट्या. पंधरा-वीस मिनिटं, बस. बाबांसाठी ठरवलेला हा टाइम ऑफिसवाल्यांनाही परफेक्ट बसतो, असं माझ्या लक्षात आलं. विरार ते पालघर लोकलमध्ये अर्ध्या तासात दोन एंडगेम होतात, बसायला सीट मिळाली तर!

हे करून बघा

आमच्या घरी चालणारा कोर्स इथे देतेय. एकटे असाल तर समोर मोबाइलमधलं चेस ॲप बसवा. पण जमलं तर माणूस बसवा.

१. आधी रंग पाठ. पट न बघता एखादं घर कुठल्या रंगाचं ते सांगायचं. सोप्पी ट्रिक आहे. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं करत एच म्हणजे ८. अक्षराचा आकडा आणि घराचा आकडा यांची बेरीज करा. बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. एच८ म्हणजे ८ अधिक ८, सोळा, काळं. सी४ म्हणजे ३ अधिक ४, सात, पांढरं. सफाळे ते केळवे रोड एवढ्या वेळात वीस-पंचवीस घरं होतात. आठवडाभर करा, मग बेरीज करावीच लागत नाही.

२. बरोबर कोपरा, चूक कोपरा. पांढरा राजा जी६, प्यादं एच६, उंट डी५. काळा राजा एच८. चाल काळ्याची. काय झालं? स्टेलमेट, म्हणजे माझी बोईसरची जखम. आता फक्त उंट बदला. काळ्या घरांचा उंट ई५ वर ठेवा. आता राजाला शह आहे, त्याला जी८ वर जावंच लागतं. प्यादं एच७, परत शह. राजा एफ८. प्यादं एच८ वर आणि वजीर तयार! राजा तोच, प्यादं तेच, फक्त उंटाचा रंग वेगळा. नियम असा, की कडेचं प्यादं असेल तर ज्या घरावर त्याचा वजीर होणार, ते घर आपल्या उंटाच्या रंगाचं हवं. नसेल, आणि समोरचा राजा वेळेत त्या कोपऱ्यात पोचला, तर बरोबरी. मधल्या पट्ट्यांतल्या प्याद्याला ही अडचण येत नाही. म्हणजे मी त्या दिवशी काय करायला हवं होतं? 'जी' पट्टीतलं प्यादं जिवापाड जपायचं आणि गेलंच तर 'एच' जाऊ द्यायचं. मी नेमकं उलटं केलं.

३. एकाच रंगाचे दोन उंट, एक प्यादं. पांढरं प्यादं ई५ वर. काळा राजा त्याच्या वाटेत ई७ वर. दोघांचेही उंट पांढऱ्या घरांचे. ई७ काळं घर, म्हणजे पांढऱ्याचा उंट त्या राजाला जन्मात हटवू शकत नाही. बरोबरी. बचाव करणाऱ्यानं हेच शोधायचं, की प्याद्याच्या वाटेत असं घर कुठलं, जिथे समोरच्या उंटाचा हात पोचत नाही? आता दोन्ही उंट काळ्या घरांचे करा. राजाला शह बसू शकतो, त्याला हटवता येतं आणि खेळ खरा रंगतो. इटलीतल्या जेनोआचा लुइजी सेंतुरिनी एकोणिसाव्या शतकात याच प्रकारावर डोकं फोडत बसला होता. म्हणजे आपण एकटे नाही!

४. विरुद्ध रंगांचे उंट. तुमचा पांढऱ्या घरांचा, त्याचा काळ्या घरांचा. बाबा याला 'भेट न होणारे उंट' म्हणतात. दोघं एकाच पटावर फिरतात, पण कधीच समोरासमोर येत नाहीत. अशा वेळी एक प्यादं जास्त असूनही बरोबरी होते, कधी कधी दोन जास्त असली तरी. कारण बचाव करणारा आपल्या रंगाच्या घरावर ठाण मांडून बसतो आणि तुम्ही काही करू शकत नाही. हरत असाल तर ही तुमची लाइफलाइन! जिंकत असाल तर प्यादी एकमेकांपासून लांब ठेवा, मध्ये दोन-तीन पट्ट्यांचं अंतर. एकटा उंट दोन टोकं सांभाळताना थकतो. पाच मिनिटं खेळा, बाजू बदला, परत खेळा.

५. घोड्याला कोंडा. घोडा ए५ वर, उंट डी५ वर. घोड्याला जायला चारच घरं, बी३, बी७, सी४ आणि सी६. चारही घरांवर उंटाचा पहारा! घोडा हलला की मेला. कडेला घोडा दिसला की त्याच्यापासून मध्ये दोन घरं सोडून उंट बसवा. एकदा का ही जागा डोळ्यात बसली, की डावात आपोआप दिसायला लागते.

आणि एक सूचना बाबांकडून. प्रत्येक स्थिती दोन्ही बाजूंनी खेळा. जिंकायची बाजू खेळून तंत्र कळतं. वाचवायची बाजू खेळून समोरचा काय लपवतोय ते कळतं. बोईसरच्या पोरानं नक्कीच बचावाची बाजू शंभर वेळा खेळली होती. म्हणून तर घोडा देताना त्याचा हात थरथरला नाही.

मोठ्यांचीही फजिती

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, चार सोंगट्या तर आहेत! थांबा. १९७२ साली रेक्याविकला जागतिक अजिंक्यपदाचा पहिलाच डाव. बॉबी फिशर विरुद्ध बोरिस स्पास्की. सोंगट्या कमी झालेल्या, डाव बरोबरीकडे निघालेला. फिशरनं उंटानं एच२ वरचं प्यादं खाल्लं. स्पास्कीनं शेजारचं प्यादं एक घर पुढे केलं आणि उंट आत कोंडला गेला. फिशर तो डाव हरला. सामना त्यानं जिंकला हे खरं, पण त्या एका उंटाबद्दल लोक अजून बोलतात.

२०१३ साली जिनिव्हात तेव्हाची महिला जगज्जेती ॲना उशेनिना ओल्गा गिर्याविरुद्ध खेळत होती. उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजाला मात द्यायची होती. हे जमतं, कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त ३३ चालींत. पण पन्नास चालींचा नियम असतो. पन्नास चालींत कोणी काही मारलं नाही, प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. उशेनिनाला पन्नास चालींत मात सापडली नाही. जगज्जेतीचा अर्धा गुण गेला. माझ्या अर्ध्या गुणाचं दुःख मला त्या रात्री जरा कमी वाटलं. (उंट-घोड्याची मात आम्ही सध्या शिकत नाही. दोन उंटांची मात शिकतो, ती जास्तीत जास्त १९ चालींची आणि दिसायलाही सुंदर. दोन्ही उंट शेजारी शेजारी चालवत राजाला कोपऱ्यात न्यायचं, झाडूनं केर लोटल्यासारखं.)

आणि उलटंही होतं. १९९८ साली लिनारेसला टोपालोवविरुद्ध शिरोवकडे प्यादी जास्त होती, पण उंट विरुद्ध रंगांचे. म्हणजे बरोबरीचा धोका. शिरोवनं काय केलं? आपला उंट सरळ एच३ वर नेऊन फुकटात दिला! कशासाठी? आपल्या राजाची वाट मोकळी व्हावी म्हणून. एका चालीची बचत झाली, राजा मध्यात घुसला आणि शिरोव जिंकला. मी हा डाव बाबांना दाखवला. त्यांनी तो तीन वेळा खेळून बघितला. मग म्हणाले, "हा माणूस रात्रपाळीला आमच्याकडे हवा होता."

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नागपूरची दिव्या देशमुख घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची फायनल, समोर कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो रॅपिड टायब्रेकमध्ये, लांबलेल्या डावाच्या शेवटी. एकोणीस वर्षांची दिव्या विजेती झाली आणि ग्रँडमास्टरही. तिथे उंटांचा संबंध नव्हता, पण घड्याळ पळत असताना कमी सोंगट्यांमध्ये डोकं शांत ठेवायचा संबंध नक्की होता. आणि ते डोकं एका दिवसात येत नाही.

एक गंमत सांगते. दोन्ही राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती कॉम्प्युटरनं २०१२ सालीच सोडवून टाकल्यात. म्हणजे आमच्या टेबलावर जे जे मांडलं जातं, त्याचं बिनचूक उत्तर फोनवर एका सेकंदात मिळतं. सुरुवातीला मी तेच करायची. बाबांनी चाल केली की मी फोनमध्ये बघायची आणि 'चूक!' म्हणून सांगायची. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मग मी कशाला बसू? त्यालाच बसव की." गप्प फोन आत ठेवला. आता उत्तर बघायचं ते रात्री जेवण झाल्यावर, दोघांनी मिळून. तोवर भांडायचं. तुम्हीही हेच करा. उत्तर आधी बघितलं की आपण मान डोलावतो आणि सकाळपर्यंत विसरतो. स्वतः अर्धा तास झक मारली की लक्षात राहतं.

बत्तीस

दोन महिने झाले. हिशोब द्यायचा तर माझं रेटिंग काही आकाशाला भिडलेलं नाही. पण उंट उरला की आता पोटात गोळा येत नाही. मारामारी करायच्या आधी मी बघते, कुठला उंट उरणार, कुठलं प्यादं उरणार, कोपरा कुठला. पूर्वी एंडगेम यायचा तेव्हा माझं खेळणं संपलेलं असायचं. आता मुद्दाम वजिरावजिरी करून मीच एंडगेमकडे जाते. आणि हो, त्या सात 'फायनल' लेखांपैकी दोन खरोखर फायनल होऊन गेलेत. संपादकांना विचारा.

बाबांचं सांगायचं राहिलं. गेल्या शनिवारी मी मुंबईहून उशिरा आले. पालघर स्टेशनवर रिक्षा मिळेना, घरी पोचेपर्यंत साडेनऊ. चहाची वेळ कधीच टळली होती. मला वाटलं, आजचा एंडगेम गेला. दार उघडलं तर डायनिंग टेबलवर पट मांडलेला. मी पर्स ठेवत विचारलं, "आज कुठला? विरुद्ध रंगांचे?"

जवळ जाऊन बघितलं. पटावर सगळ्याच्या सगळ्या बत्तीस सोंगट्या होत्या. बाबांनी एकट्यानं मांडल्या होत्या. पांढऱ्या माझ्याकडे.

"झेपेल?" मी विचारलं.

"नाही झेपलं तर अर्ध्यावर ठेवू. उद्या पुढे," ते म्हणाले.

अर्ध्यावर ठेवावं लागलं नाही. पावणेबारा वाजले, आई दोनदा ओरडून झोपायला गेली आणि मी हरले. हत्ती आणि प्याद्यांच्या एंडगेममध्ये! हत्तीचा अभ्यास आम्ही अजून सुरू केलेला नाही. बाबांनी मात्र तो कँटीनमध्येच केला असावा.

पुढच्या महिन्यात बोईसरला पुन्हा ओपन स्पर्धा आहे. मी फॉर्म भरलेत. दोन.

जाता जाता तुमच्यासाठी होमवर्क. तुम्ही पांढरे. पांढऱ्या घरांचा उंट, एक प्यादं 'ए' पट्टीत, एक 'एच' पट्टीत. समोर राजा आणि घोडा. घोडा जीव द्यायला तयार आहे, कुठल्यातरी एका प्याद्याच्या बदल्यात. कुठलं प्यादं वाचवाल? फोन बघायचा नाही. बेरीज करा!